पूर ओसरल्यावर, ट्रॅक्टर येण्याआधी

२०२४ च्या जानेवारीत मी कालनिर्णयच्या बाराही महिन्यांच्या झेरॉक्स काढून आणल्या आणि आमच्या माजघरात फरशीवर ओळीनं मांडल्या. मूळ कॅलेंडरवर काही लिहायची सोय नव्हती, कारण त्यावर आईचा दुधाचा हिशेब असतो. लाल, निळं आणि हिरवं अशी तीन स्केचपेनं घेऊन बसलो. आयुष्यातली पहिली पूर्ण अंतराची ट्रायथलॉन कुठल्या देशात करायची, ते ठरवायचं होतं.

पूर्ण अंतर म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, लगेच १८० किलोमीटर सायकल आणि सायकल ठेवून ४२.२ किलोमीटर पळणं. सगळं एकाच दिवसात. बहुतेक ठिकाणी त्यासाठी १७ तास मिळतात. पोहणं २ तास २० मिनिटांत संपवावं लागतं आणि सायकल संपेपर्यंत घड्याळात साडेदहा तासांच्या वर झालेले चालत नाहीत, नाहीतर तिथेच थांबवतात. आयर्नमन ही अशा शर्यतींची जगभरची मालिका. तिच्यातली याच्या निम्म्या अंतराची शर्यत गोव्यात २०१९ पासून होते. मिरामारच्या किनाऱ्यावरची ती शर्यत मी २०२२ आणि २०२३ अशी दोनदा पूर्ण केली होती. पण त्या मालिकेतली पूर्ण अंतराची शर्यत आपल्या देशात नाही, त्यामुळे बाहेर जाणं भाग होतं.

मी सांगलीचा. ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. वय तेव्हा ४५. घरी आई, बायको आणि दहावीत जाणारी मुलगी. हे आधीच सांगतो, कारण शर्यत निवडताना शेवटी याच गोष्टी मोजाव्या लागल्या.

सुरुवातीला मी सगळे निवडतात तशीच निवडत होतो, फोटो बघून. २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी झुरिचची शर्यत पूर्ण केली, तेव्हा आमच्याकडे घराघरात पहिल्यांदा आयर्नमन हा शब्द पोहोचला. मीही तो तेव्हाच ऐकला. त्यामुळे मनात कुठंतरी युरोपच होतं. तळं, डोंगर, चर्चचा मनोरा आणि त्या पार्श्वभूमीवर आपण. त्यातच सांगली, मिरज आणि इचलकरंजीतल्या चार मित्रांनी मिळून स्वीडनमधलं काल्मार ठरवलं होतं आणि पाचवा मी, असं जवळपास नक्की झालं होतं. काल्मार खरोखर सुंदर शर्यत आहे. सायकलचा मार्ग ओलँड बेटाला जोडणाऱ्या सहा किलोमीटर लांबीच्या पुलावरून जातो, रस्ता सपाट, आणि पळताना अख्खं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं असतं. सांगलीसारख्या सपाट गावात सायकल चालवणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? नोंदणीचं पान उघडून मी कार्डाचा नंबरही टाकला होता. रात्र झाली होती, म्हटलं उद्या सकाळी बायकोशी एकदा बोलून पैसे भरू.

दुसऱ्या दिवशी रविवार. अंकलीच्या पुलाजवळ चहाच्या टपरीवर कोल्हापूरचे एक डॉक्टर भेटले. साठीला टेकलेले, पण अशा तीन शर्यती त्यांच्या खात्यावर आहेत. रविवारी ते कोल्हापूरहून सायकलनं इथपर्यंत येतात, चहा घेतात आणि परत जातात.

"कुठली धरलीस?"

"काल्मार. स्वीडन. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात."

त्यांनी कप बाकावर ठेवला. "रेस कुठं हाय ते नंतर बघू की. रेसच्या आधीचं दोन म्हैनं तू कुठं असणार हायस, ते सांग."

"सांगलीतच."

"आन् कृष्णामाई?"

मी काहीच बोललो नाही. पुलाखालून नदी वाहत होती. जानेवारीतली, संथ, कडेची वाळू उघडी पडलेली.

आमचं घर गावभागात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्याकडे पाणी आधी उंबऱ्यावरून आत आलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी देवळीपर्यंत चढलं. आई शेवटपर्यंत निघायला तयार नव्हती. तिला होडीतून काढलं तेव्हा तिच्या मांडीवर देवांचा डबा होता आणि ती एकाच गोष्टीचा घोर लावून बसली होती, की पिठाचा डबा माळ्यावर नीट ठेवलाय का. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हापासून जुलै सुरू झाला की आमच्या घरात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, कोयनेतून किती सोडलंय? क्युसेकचे आकडे आईला तोंडपाठ असतात.

अशा दिवसांत मी काल्मारच्या पुलावर सायकल चालवत असणार होतो. तयारीचे शेवटचे दोन महिने जून आणि जुलै, म्हणजे नदीत पोहणं बंद. आणि शर्यतीचा आठवडा पुराच्या ऐन भरातला. समजा त्या वर्षी पाणी आलंच नसतं, तरी मी तिथं मोबाइलवर कोयनेचा विसर्गच बघत बसलो असतो. ही गोष्ट मला शर्यतीच्या कुठल्याच माहितीत सापडली नसती, कारण ती माझ्या घरची होती. त्या सकाळी मी पैसे भरले नाहीत. चार मित्र गेले आणि त्यांची शर्यत झकास झाली. त्यांचे फोटो बघताना मला हुरहुर लागली होती, ते नाकारण्यात अर्थ नाही.

तिथून मी उलटं मोजायला लागलो आणि त्यासाठीच कालनिर्णय. यातला हिशेब असा असतो: सगळ्यात लांब सायकल आणि सगळ्यात लांब पळणं शर्यतीच्या साधारण तीन आठवडे आधी संपवायचं, पुढे भार कमी करत शरीराला विसावा द्यायचा. त्या शेवटच्या लांब सरावाच्या आधीचे आठ-दहा आठवडे सगळ्यात जड. शर्यतीची तारीख कॅलेंडरवर ठेवली की ते जड आठवडे आपोआप दिसतात. त्या आठवड्यांत माझ्या गावात हवा कशी असते, नदी कशी असते, रस्ता कसा असतो, कॉलेजात काय चालू असतं, घरात कुठला सण असतो, हे बघायचं. शर्यतीचा दिवस एकच असतो, पण हे आठवडे आपल्याला रोज जगायचे असतात.

निळ्या पेननं पूर भरला: १ जुलै ते सप्टेंबरची सुरुवात. लाल पेननं कॉलेज: फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची परीक्षा, पुढे पेपर तपासणी. मग एकेक शर्यत त्यावर ठेवून पाहिली.

जून आणि जुलैच्या सुरुवातीच्या युरोपातल्या शर्यती लवकर गळाल्या. जर्मनीतल्या रोटची शर्यत तर ट्रायथलॉन करणाऱ्यांची पंढरी म्हणावी अशी आहे, पण तिच्या जागा नोंदणी उघडताच संपतात. ऑस्ट्रियातलं क्लागेनफुर्ट हेही नाव होतं. या सगळ्यांचे जड आठवडे एप्रिल-मे महिन्यांत येतात. सांगलीत तेव्हा सकाळी नऊलाच डांबर तापायला लागतं, पारा चाळिशीला जातो, आणि सहा-सात तासांची सायकल संपवायची तर रात्री दोनला निघावं लागतं. वरून पेपर तपासणी. शिवाय शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं आणि उन्हाळ्यात तारखा मिळवताना दमछाक होते. क्लागेनफुर्टला तर चढही भरपूर. मला डोंगर हवा असेल तर पन्हाळ्यापर्यंत जावं लागतं आणि ते दर आठवड्याला जमणारं नव्हतं.

लंकावीवर मात्र मी बरेच दिवस अडलो होतो. मलेशियातलं हे बेट. शर्यत नोव्हेंबरमध्ये, म्हणजे पूर ओसरल्यावर. भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून व्हिसाची गरज उरली नव्हती. विमान जवळचं, घड्याळात फरक अडीच तासांचा, जेवणात भात मिळणार, खर्च सगळ्यात कमी. कागदावर हीच शर्यत माझी होती आणि बायकोचंही तेच मत होतं.

पण मला गोवा आठवत होतं. २०२३ ला पळताना दहाव्या किलोमीटरच्या आसपास माझ्या दोन्ही पोटऱ्यांत एकदमच गोळे आले. मी दोनापावलाच्या रस्त्यावर एका भिंतीला टेकून उभा होतो आणि कोपरांवरून घाम थेंबाथेंबानं खाली पडत होता. तो मी खूप वेळ बघत होतो. सांगलीच्या मे महिन्यात ४० अंशांत पळालो तरी असा घाम गळत नाही, तो अंगावरच वाळतो. घरी येईपर्यंत काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात. वाळतो म्हणूनच तो अंग गार करतो. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसताच गळतो. पाणी जातं, मीठ जातं आणि अंग तापतच राहतं. माझं शरीर कोरड्या उन्हाचं आहे. गोव्यात हे सात तास निभावलं. लंकावीत ते दुप्पट वेळ निभवावं लागलं असतं, ते सुद्धा चढ-उतारांच्या मार्गावर. तिथं समुद्राचं पाणीही इतकं उबदार असतं, की पोहतानाच अंग तापायला सुरुवात होते. दमट हवेची सवय लावायला कोकणात महिनाभर राहणं मला शक्य नव्हतं. कोकणातल्या किंवा मुंबईच्या माणसानं लंकावी जरूर धरावी असं मी आजही सांगतो, पण देशावरच्या माणसानं विचार करावा.

मग न्यूझीलंडमधलं टाउपो. मार्चच्या सुरुवातीला, गोड्या पाण्याच्या तळ्यात पोहणं, नावाजलेली जुनी शर्यत. जड आठवडे डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे आमच्याकडची सगळ्यात छान हवा, पहाटे स्वेटर घालून निघावं अशी. आधी ती लाल पेनवर अडली: मार्चमध्ये बारावीचा वर्ग सोडून कुठला शिक्षक परदेशी जाईल? आणि परीक्षा नसती तरी ती आणखी एका गोष्टीवर अडली असती, जी मी तोवर कॅलेंडरवर लिहिलीच नव्हती. ती बायकोनं लिहायला लावली. "उसाचं काय?"

ज्यांनी आमच्या भागात हिवाळ्यात पहाटे सायकल चालवलेली नाही, त्यांना हे कळणं अवघड आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर कारखाने पेटतात आणि तिथून मार्चपर्यंत रस्ता उसाचा असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांना हातभर बाहेर आलेला, आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवाच नाही. पहाटे पाचच्या अंधारात आपल्या पुढे काळं काहीतरी हळूहळू चाललंय हे कळायच्या आत आपण त्याच्यावर असतो. रस्त्यावर कांडी पडतात, चाकांखाली चिरडून त्यांचा चोथा होतो आणि त्यावर पातळ टायर साबणावरून गेल्यासारखं सटकतं. आमच्या सायकलच्या गटातला एकजण असाच पडला, गळ्याचं हाड मोडलं, चार महिने घरी बसला. तो रस्ता ट्रॅक्टरवाल्यांचाच आहे. जिल्ह्याचं पोट त्या उसावर चालतं आणि टोळीवाले बायकापोरांसकट थंडीत फडात राबत असतात. पण दिवा नसलेल्या ट्रॉलीबद्दल मात्र मला रागच आहे. एका लाल कापडाची आणि परावर्तक पट्टीची किंमत ती काय?

हिरव्या पेननं मी १५ नोव्हेंबर ते मार्च असा पट्टा ओढला. निळा पूर आणि हिरवा ऊस यांच्यामध्ये मोकळी जागा उरली साधारण १० सप्टेंबर ते १५ नोव्हेंबर. नऊ आठवडे. माझ्या गावानं मला सरावासाठी एवढंच दिलं होतं. त्यात तीन आठवडे विसाव्याचे मिळवले की शर्यत यायला हवी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

त्या आठवड्यात, बरोबर पहिल्या रविवारी, १ डिसेंबरला, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बसलटनची शर्यत होती.

हे नाव मी आधीही वाचलं होतं आणि फोटो फार नेत्रदीपक नाहीत म्हणून पुढे गेलो होतो. बसलटन हे पर्थच्या दक्षिणेला सव्वादोनशे किलोमीटरवरचं समुद्रकाठचं छोटं गाव. तिथं एक लाकडी जेटी समुद्रात सरळ १८४१ मीटर आत गेलेली आहे. पोहायचं ते जेटीच्या एका बाजूनं टोकापर्यंत जायचं आणि दुसऱ्या बाजूनं परत यायचं. सायकलचा मार्ग सपाट. पळायचा रस्ता किनाऱ्यालगत, त्याच रस्त्यावर पुन्हा पुन्हा फेऱ्या. हवा कोरडी. घड्याळात फरक अडीच तासांचाच. व्हिसा ऑनलाइन मिळतो, पासपोर्ट कुणाकडे जमा करावा लागत नाही. युरोपइतकाच लांब प्रवास, खर्च लंकावीच्या दुपटीच्या वर. आमचा शेवटचा आकडा साडेतीन लाखांच्या आसपास गेला आणि त्यासाठी घराच्या रंगकामाचा बेत एक वर्ष पुढे ढकलला.

सपाट म्हणजे सोपं असं मी तेव्हा धरून चाललो होतो. डॉक्टरांनी तिथंही कान पकडला. चढ नाही म्हणजे उतारही नाही. घाटाच्या रस्त्यावर चढाला उभं राहता येतं, उताराला पाय थांबवून पाठ सरळ करता येते. सपाट रस्त्यावर सहा-सात तास एकाच अवस्थेत, कोपरं हँडलवरच्या पट्ट्यांवर टेकवून, मान वर करून, एकही क्षण न थांबता पायडल मारत राहायचं. तेच स्नायू, तीच मान. पण या बाबतीत सांगलीकर नशीबवान आहे. मिरजेपासून कवठेमहांकाळवरून सांगोल्याकडे जाणारा चौपदरी रस्ता म्हणजे नेमका हाच सराव. मी त्यावर पाच वेळा दीडशेच्या पुढे गेलो. तिसऱ्या वेळेपर्यंत मान इतकी धरायची, की घरी आल्यावर मुलगी हातात ताट द्यायची आणि मी भिंतीला डोकं टेकून जेवायचो.

पाण्याचा प्रश्न वेगळा होता. मी पोहायला शिकलो तो कृष्णेत, पाठीला डबा बांधून. खोल पाण्याची भीती मला कधी वाटली नाही. भीती होती ती गार पाण्याची. बसलटनला डिसेंबरच्या सुरुवातीला समुद्र २१ अंशांच्या आसपास असतो असं समजलं. २४.५ अंशांपर्यंत वेटसूट घालता येतो, तोही जास्तीत जास्त पाच मिलिमीटर जाडीचा. वेटसूट अंगाला ऊब देतो आणि तरंगायलाही मदत करतो. पण चेहरा, हात, पाय उघडेच. म्हणून पैसे भरण्याआधी परीक्षा घ्यायची ठरवलं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे साडेसहाला कृष्णेच्या घाटावर गेलो. मुलीच्या प्रयोगशाळेच्या पेटीतला थर्मामीटर सुतळीला बांधून पाण्यात सोडला. २२ अंश. साध्या चड्डीवर उतरलो आणि घाट ते हरिपूरच्या दिशेनं, मग ओढीविरुद्ध परत, असं सव्वा तास पोहलो. पहिली दहा मिनिटं कपाळ ठणकत होतं, दात घट्ट आवळलेले होते. मग ते गेलं. बाहेर आल्यावर शर्टाची बटणं लावता आली नाहीत, ती बायकोनं लावली. पण मी पोहलो होतो. वेटसूटशिवाय २२ जमलं तर वेटसूट घालून २१ जमेल.

आता एकच गोष्ट राहिली होती आणि ती मी घरात स्वतःहून सांगितली नव्हती. मुलीनं शोधून काढली. २०१७ मध्ये बसलटनला शार्क दिसल्यामुळे पोहण्याचा टप्पा रद्द करावा लागला होता. जेवताना तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बायकोनं घास खाली ठेवला. मी जे सांगितलं ते मला आजही पटतं: रद्द केला म्हणजे बघणारे डोळे होते. पाण्यात होड्या असतात, वरून टेहळणी असते आणि शंका आली तर आयोजक शर्यतीपेक्षा माणसं आधी बाहेर काढतात. माझी काळजी वेगळीच होती. वर्षभर राबून तिथं गेलो आणि पोहणंच रद्द झालं, तर मी स्वतःला काय म्हणवून घेणार होतो? दोन दिवस आम्ही त्यावर बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "नदीत मगरी आहेत म्हणून तू कधी पोहायचा थांबलायस? भर पैसे." कृष्णेत खरोखरच मगरी आहेत, आणि ती लहानपणापासून त्याच घाटावर धुणं धुताना बघत आली आहे.

पुढचं थोडक्यात. नोंदणी फेब्रुवारीत केली आणि त्याच दिवशी राहायची जागाही धरली, रद्द करता येईल अशी. छोट्या गावात शर्यतीच्या आठवड्यात खोल्या राहत नाहीत, हे कुणीही विसरू नये. परदेशी जायला नोकरीत ना हरकत लागतं. ती फाइल एका कार्यालयात सात आठवडे एकाच टेबलावर पडून होती. मी मार्चमध्येच अर्ज दिला होता म्हणून निभावलं. ऑगस्टमध्ये दिला असता तर तिकिटं वाया गेली असती. जुलैच्या अखेरीस कृष्णा चढली. सामान माळ्यावर टाकलं, आईला बहिणीकडे नेलं. पाणी उतरलं आणि सप्टेंबरमध्ये गणपती गेल्यावर मी नऊ आठवडे सुरू केले. दसरा, दिवाळी सगळं त्यातच आलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पहाटे पाच तास सायकल करून आलो आणि आईच्या हातचं उटणं लावून घेतलं.

एक गोष्ट हिशेबात नव्हती. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान लागलं आणि मला मतदान केंद्रावर काम आलं. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेऊन शाळेतल्या बाकांवर झोपलो, दुसऱ्या रात्री दीडला मशीन जमा करून घरी आलो. शर्यतीला दहा दिवस. तीन आठवड्यांच्या विसाव्यातले ते दोन दिवस हातचे गेले, पण लांब सराव तोवर संपलेला होता. ट्रॅक्टरही तोवर रस्त्यावर आले होते.

ऑस्ट्रेलियात बाहेरची माती आणि खाण्याचे पदार्थ नेण्याबाबत नियम फार कडक आहेत. निघण्याआधी मी सायकलचे टायर, साखळी, पायडल सगळं जुन्या टूथब्रशनं घासलं. कवठेमहांकाळची माती त्या खाचांतून काढायला दोन तास लागले. आईनं डिंकाचे लाडू केले होते, ते घरीच ठेवले. सराव मी तसाही उकडलेल्या बटाट्यावर आणि केळ्यांवर केला होता, मुद्दाम, कारण ते दोन्ही जगात कुठेही मिळतात.

शर्यतीच्या दोन दिवस आधी मी जेटीवरून चालत टोकापर्यंत गेलो. जायला पंचवीस मिनिटं लागली आणि तेव्हा कुठं मला ३.८ किलोमीटर म्हणजे किती ते डोळ्यांनी दिसलं. कठड्यावरून खाली बघितलं तर पाण्याचा तळ दिसत होता. खांबांना चिकटलेली शेवाळं हलत होती, मासे त्यातून आत-बाहेर करत होते. कृष्णेत स्वतःचा हातही कोपराच्या पुढे दिसत नाही. मी त्या टोकाशी अर्धा तास तरी थांबलो असेन.

रविवारी पोहायला १ तास २४ मिनिटं लागली. पाणी गार होतं, पण पहिल्या दहा मिनिटांचं कपाळाचं दुखणं ओळखीचं होतं, घाटावरचंच. परत येताना एकेक खांब डोळ्यांच्या कडेनं मागे जात होता आणि मी ते मोजत होतो.

सायकलवर माझं एक गणित चुकलं. सांगलीत मी पहाटे निघून दहाच्या आत घरी यायचो, त्यामुळे भर दुपारचं ऊन अंगावर घ्यायची सवयच नव्हती. तिथलं ऊन आपल्यासारखं तापवत नाही, सरळ भाजतं. मानेवर आणि पाठीवर सूटच्या कडेनं कातडी लाल झाली, पळताना पट्टा लागला की आग व्हायची. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला. पर्थच्या बाजूला या वाऱ्याला लोक फ्रीमँटल डॉक्टर म्हणतात. तो समोरून आला की मला अंकलीचे डॉक्टर आठवायचे. सायकल ६ तास ५२ मिनिटांत झाली, पळणं ५ तास २० मिनिटांत. पोटऱ्यांत गोळे आले नाहीत. टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते, घरच्यासारखे. कपडे बदलायचा वेळ धरून एकूण १३ तास ५४ मिनिटं.

अंधार पडला होता. किनाऱ्यावर गवतात बसून घरी फोन लावला, सांगलीत तेव्हा संध्याकाळ होती. बायको रडत होती, मुलगी वेळेचे आकडे वाचून दाखवत होती. तिनं ते सगळं मोबाइलवर बघितलं होतं. मग आईनं फोन घेतला.

"पाण्याला ओढ होती का रे?"

"टोकाला वळल्यावर होती जराशी. डावीकडून."

"मग तिरका पोहलास ना?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. "आता काहीतरी गरम खा."